विजयदुर्ग : एका मुक्कामाची सहल, आधी गोदी आणि मग किल्ला

मुचकुंदी

रत्नागिरीत आमचे एक छोटे मंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी पडवीत जमायचे, कोणीतरी काही वाचून दाखवायचे, चहापोहे करायचे आणि वर्षातून एकदा सहल काढायची, एवढाच त्याचा कारभार. सभासद बहुतेक निवृत्त आहेत आणि त्यांच्या जोडीला तीन-चार नोकरदार कुटुंबे आहेत. आजवरच्या आमच्या सहलींचा साचा ठरलेला असे. पहाटे निघायचे, दिवसभरात दोन देवळे, एक किनारा आणि एक किल्ला उरकायचा, मधे पोटभर जेवायचे आणि परतताना गाडीत निम्म्या मंडळींनी झोपायचे. गेल्या वर्षी परत आल्यावर एका काकूंनी विचारले होते की, ज्या किल्ल्यावर आपण पाऊण तास होतो त्याचे नाव काय. त्यावर सगळे हसले खरे, पण यंदा मी अट घातली की, एकच ठिकाण घेऊ, तिथे एक लढाई कशी झाली ते आधी वाचून जाऊ आणि जागेवर ती समजून घेऊ. ठिकाण विजयदुर्ग ठरले आणि लढाई ठरली ती १७५६ ची, म्हणजे आंगऱ्यांचे आरमार जिथे जळाले ती.

पराभवाची लढाई पाहायला एवढ्या लांब कशाला जायचे, असा आक्षेप बैठकीत आलाच. तो अगदीच गैर नव्हता. हा किल्ला शिलाहार भोजराजाच्या काळापासून उभा आहे, शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेऊन तटबंदी वाढवली, कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत १७२० मध्ये मुंबईकर इंग्रजांनी त्यावर तरता तोफखाना आणला तरी त्यांना हात हलवत परत जावे लागले आणि १७२४ मध्ये डचांचीही तीच गत झाली. अभिमानाने सांगण्यासारखे इतके असताना नेमका वाईट दिवस का निवडायचा? माझे उत्तर साधे होते. हे विजय आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. १२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी काय झाले, हे मात्र आमच्यापैकी कोणालाही धड सांगता येत नव्हते.

आम्ही सत्तावीस जण शुक्रवारी दुपारी मिनीबसने निघालो, राजापूर, खारेपाटण करत तळेऱ्याला महामार्ग सोडला आणि अंधार पडल्यावर विजयदुर्गात पोहोचलो. मुक्कामाची जागा फोनवर दोनदा पक्की केली होती, तरी तिथे गेल्यावर सहाऐवजी चारच खोल्या मिळाल्या. मग बायका आणि मुले खोल्यांत, पुरुष मंडळी व्हरांड्यात सतरंज्यांवर, अशी वाटणी झाली. कुळथाची पिठी आणि भात मात्र असा होता की तक्रारीचा सूर जेवणानंतर बराच खाली आला.

तारीख आम्ही तिथी पाहून धरली होती आणि सहलीतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच ठरला. पौष वद्य तृतीया होती. किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक असलेला हिशेब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी आठ-साडेआठला. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असल्याने पाणी चांगलेच खाली जाणार होते. म्हणून किल्ला दारात असूनही आम्ही सकाळी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि खाडीच्या आत सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या गोदीकडे गेलो.

गोदीकडे सहसा सहली जात नाहीत, कारण लांबून तिथे पाहण्यासारखे काही दिसत नाही. खाली उतरल्यावर मात्र नजर हळूहळू तयार होते. जांभ्याच्या कातळात सुमारे साडेतीनशे फूट लांबीचा एक प्रचंड हौद कोरून काढलेला आहे आणि त्याचे तोंड खाडीकडे उघडते. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी निघून गेले की ते कोरड्यात उभे राहायचे आणि मग सुतार आणि कलफाती (फळ्यांच्या फटी बुजवणारे कारागीर) त्याच्या बुडाला लागायचे. पंप नाही, वाफ नाही. चंद्राकडून दिवसातून दोनदा पाणी भरून आणि उपसून घ्यायचे. आज आत गाळ इतका साचला आहे की मूळ खोली कळत नाही, पण कातळ तासलेल्या रेषा कडेला स्वच्छ दिसतात. त्या कडांवर कालवांचा थर चढलेला आहे. आमच्यापैकी एकाने तोल सावरायला हात टेकवला आणि तळव्यावर तीन रेघा उमटल्या. थोड्या अंतरावर एक बाई उकिडव्या बसून लहानशा कोयतीने कालवे फोडत होत्या आणि मांसाचा लिबलिबीत गोळा डब्यातल्या पाण्यात टाकत होत्या. आम्ही इतकी माणसे काय शोधतो आहोत असे त्यांनी विचारले. आंगऱ्यांची गलबते इथे दुरुस्त होत, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "होय तर. आता आमची होडी लागता." आणि पुढचे कालव फोडले.

किल्ल्यात आम्ही साडेदहाला शिरलो. गोमुखी रचनेचा दरवाजा, तिहेरी तट, दारूकोठार, खलबतखाना, तोफगोळ्यांचा ढीग हे सगळे पाहिलेच, त्याचे वर्णन सर्वत्र मिळते, म्हणून इथे लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते दुपारचे. आमच्यात एक निवृत्त दर्यावर्दी आहेत, ज्यांची उभी नोकरी व्यापारी जहाजांवर गेली. त्यांनी आल्याआल्या एका छत्रीच्या टोकाला रुमाल बांधला आणि ती खाडीकडच्या तटावर एका फटीत खोचली. सकाळी रुमाल समुद्राकडे फडफडत होता, कारण जमिनीवरचा मतलई वारा वाहत होता. अकराच्या पुढे तो लोंबू लागला. एक वाजायच्या सुमारास तो एकदा हलला, पुन्हा पडला आणि मग वळून थेट किल्ल्याच्या दिशेने ताठ झाला. "हा घ्या, आला वॉटसन," असे ते म्हणाले.

इंग्रज अॅडमिरल वॉटसनचे आरमार बाहेर उभे होते आणि दुपारचा समुद्रावरचा वारा सुटल्यावर ते दोन रांगा करून किल्ल्याच्या उत्तर बाजूने खाडीत शिरले. केंट, कम्बरलँड, टायगर, सॅलिसबरी ही बडी लढाऊ जहाजे होती आणि त्यांच्या जोडीला बाँब फेकणारी लहान जहाजे होती. आंगऱ्यांची गुराबे आणि गलबते तटाखाली एकमेकांना बांधून ठेवलेली होती. वारा तोंडावर, मागे खाडी आणि खाडीच्या तोंडात शत्रू, अशा स्थितीत त्यांना बाहेर पडून पाठलागाची लढाई खेळता येण्यासारखी नव्हती, आणि त्यांची खरी ताकद तर तीच होती. चारच्या सुमारास एक बाँब रिस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मुळात इंग्रजांचेच, आंगऱ्यांनी काही वर्षांपूर्वी पकडून आणलेले. त्याने पेट घेतला, आग दोरांवरून आणि शिडांवरून शेजारच्या जहाजांवर गेली आणि पन्नास वर्षे ज्याने किनाऱ्यावर दरारा ठेवला ते आरमार संध्याकाळच्या आत संपले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

रुमाल डोळ्यांसमोर वळलेला पाहिल्यावर हे सगळे ऐकणे वेगळे होते. मुलांनी खडूने फरशीवर खाडी काढली होती. आंगऱ्यांना लाल आणि इंग्रजांना निळा रंग दिला. मग जमिनीच्या बाजूने वेढा देऊन बसलेल्या पेशव्यांच्या फौजेला कोणता रंग द्यायचा, यावर जो वाद सुरू झाला तो जेवणाच्या पंगतीपर्यंत मिटला नाही. पेशवे या लढाईत इंग्रजांच्या बाजूने होते, हे आमच्या निम्म्या मंडळींना तेव्हाच कळले.

खर्च माणशी दोन हजार तीनशे पन्नास आला, त्यात गाडी, एक मुक्काम, तीन जेवणे आणि दोन न्याहाऱ्या आल्या. कोणाला अशी सहल काढायची असेल तर अवश्य विचारा. ज्यांनी हा परिसर जास्त जवळून पाहिला आहे त्यांनी चुका दुरुस्त कराव्यात.

पाटीपेन्सिल

लेख आवडला. मी दरवर्षी शाळेच्या मुलांना विजयदुर्गला नेते आणि दरवर्षी माझाही तुमच्यासारखाच प्रश्न असतो की, पेशव्यांना कोणता रंग द्यायचा. मी मुलांना नकाशाआधी तारखा देते. मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात, विजयदुर्ग तेव्हा ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध करार झाला. एप्रिलच्या आरंभी इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्याच्या तहाने इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना देण्याचे मान्य केले आणि बाणकोट स्वतःकडे ठेवले. हे चार टप्पे फळ्यावर लिहिले की मुले आपोआप विचारतात, फेब्रुवारीत पडलेला किल्ला द्यायला ऑक्टोबर का उजाडला. उत्तर त्या बारा तारखेच्या रात्रीतच आहे. इंग्रज सेनाधिकारी क्लाइव्ह त्या रात्री आपली शिपायांची तुकडी घेऊन जमिनीवर उतरला, तो मुख्यतः किल्ला पेशव्यांच्या माणसांच्या हाती जाऊ नये म्हणून. लुटीची वाटणी कशी करायची हे तर मुंबईहून निघण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवून टाकले होते. सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला आणि मित्रपक्षाला त्यातले काही मिळाले नाही.

तेव्हा माझ्या नकाशावर पेशव्यांचा रंग निळाही नसतो आणि लालही नसतो. मी पिवळा देते आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगते.

दर्यासारंग_७

पिवळा वगैरे ठीक आहे, पण स्पष्ट बोलायला हवे. मराठ्यांचे आरमार मराठ्यांनीच जाळायला लावले. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारे कोणी उरले नाही. वर्षभरात हाच वॉटसन आणि हाच क्लाइव्ह बंगालमध्ये होते आणि जून १७५७ मध्ये प्लासी झाली. विजयदुर्गाला सहल न्यायची तर हे ठणकावून सांगितले पाहिजे. किल्ल्यावर तुळाजींच्या नावाचा उच्चारसुद्धा धड होत नाही.

मुचकुंदी

दर्यासारंग, तुमचा राग मला समजतो आणि पहिल्या वाक्याशी माझे फारसे भांडण नाही. पण ज्या गोष्टी तुम्ही गाळल्या त्यांशिवाय ही हकीगत पुरी होत नाही. तुळाजी हे कान्होजींसारखे मराठी राज्याचे आज्ञाधारक सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, राहिले नव्हते. त्यांनी पेशव्यांचा अंमल जुमानला नाही, वाडीच्या सावंतांशी लढाया केल्या आणि दस्तक (परवाना) नसलेली गलबते पकडताना ती कोणाची आहेत हे फारसे पाहिले नाही. आपल्याच किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला त्यांची धास्ती होती. आता घरातल्या या भांडणासाठी बाहेरचे बलाढ्य आरमार बोलवावे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे माझे उत्तर "नाही" असेच आहे. रामाजी महादेवांसारखा पेशव्यांचा सरसुभेदार किनारा चांगला ओळखत होता. इंग्रज किल्ल्यात आधी शिरले तर काय होईल, याची कल्पना त्याला नसेल असे मला वाटत नाही.

आणि त्यानंतर कोणी उरले नाही, हे मात्र बरोबर नाही. विजयदुर्ग परत मिळाल्यावर पेशव्यांचे आरमार याच खाडीत उभे राहिले आणि आनंदराव धुळप त्याचे प्रमुख झाले. एप्रिल १७८३ मध्ये धुळपांनी रेंजर हे इंग्रजांचे जहाज आणि त्याच्या जोडीची जहाजे लढून पकडली आणि विजयदुर्गात आणली. किल्ला इंग्रजांकडे कायमचा गेला तो १८१८ मध्ये. गावात धुळपांचा वाडा आहे. आम्ही संध्याकाळी तिथवर पायी जाऊन आलो. जळालेल्या आरमाराच्या जागी सत्तावीस वर्षांनी शत्रूची जहाजे ओढून आणली जातात, हे सहलीत सांगायला मी विसरलो होतो, ते आमच्या दर्यावर्दींनी परतीच्या गाडीत सांगितले.

गिर्येकर

मी इथलाच. आपण गोदीवर आलात याचे बरे वाटले, कारण किल्ल्यावर येणाऱ्या शंभर गाड्यांतली एखादीच तिकडे वळते. दोन गोष्टी सुचवतो. पहिली, तिथीची पाऊणपट हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून लवकर पोहोचावे. शिवाय कोणत्याही ओहोटीला गोदी उघडी पडेल असे समजून येऊ नये. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, आणि गोदीत गुडघाभर चिखलपाणी तसेच राहते. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. दुसरी गोष्ट, गिर्ये गावातल्या रामेश्वराच्या देवळात आपण गेला होतात का? देवळाकडे उतरणारी वाट कातळ खोदून केलेली आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या उंच भिंती आणि मधून आपण चालतो, भर दुपारीसुद्धा तिथे गारवा असतो. तिथे संभाजी आंग्रे यांची समाधी आहे. आपण लढाई पाहायला आला होतात तर ज्या घराण्याची ती लढाई, त्याची ही जागा चुकवायला नको होती.

मुचकुंदी

चुकली खरी. रामेश्वर कार्यक्रमात होता, पण गोदीवर ठरल्यापेक्षा तासभर जास्त गेला आणि एक वाजता वारा फिरण्याआधी तटावर असणे आम्हाला भाग होते. "एकच ठिकाण" ही अट मीच घातलेली असल्याने तक्रार करायलाही जागा नव्हती. पुन्हा यावे लागणार.

जांभा

मला किल्ल्यावरच्या "साहेबाच्या ओट्यां"बद्दल विचारायचे आहे. आम्हाला वाटाड्याने ठामपणे सांगितले की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बिणी लावून हेलियम वायूचा शोध लावला. तुम्ही लढाईखेरीज काही सांगितलेच नाही असे दिसते. हेलियमची गोष्ट गाळली का?

पाटीपेन्सिल

मध्येच बोलते, कारण हा प्रश्न मला दर सहलीत येतो. मुलांना मी एवढेच विचारते की, १८ ऑगस्टला विजयदुर्गला आकाश कसे असते. नारळी पौर्णिमा जेमतेम झालेली असते किंवा व्हायची असते, दर्या अजून शांत झालेला नसतो. मुले हसतात.

१८६८ चे ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी आंध्रातल्या गुंटूरला पाहिले. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाशिवाय टिपली. मात्र लॉकियर विजयदुर्गला आले होते हेही तितकेच खरे आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी त्यांची मोहीम इथे किल्ल्यात तळ ठोकून होती आणि त्यांना नौदलाच्या खलाशांची मदत होती. ओट्यांची गोष्ट त्या मोहिमेशी जुळते. ग्रहण पाहायला जानेवारीचे निरभ्र आकाश आणि समोर मोकळा समुद्र यापेक्षा चांगली जागा कोणती मिळणार? हेलियम पृथ्वीवर १८९५ मध्ये सापडला होता, म्हणजे लॉकियर इथे आले तेव्हा त्यांचा तर्क खरा ठरून तीन वर्षे झाली होती. माझ्या मते ही गोष्ट जास्त चांगली आहे. पण १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो, तिथे हे सांगायला मी अजून धजलेले नाही.

जांभा

उत्तर पटले. ऑगस्टच्या पावसाचा मुद्दा आधी सुचायला हवा होता, कोकणातच जन्म गेला आहे.

ओटी_पडवी

आमच्या महिला मंडळाची सहल फेब्रुवारीत काढायचा विचार आहे. एकोणीस जणी आहोत, त्यांतल्या सहा सत्तरीच्या पुढच्या. दोघींचे गुडघे बदललेले आहेत. गोदी आणि किल्ला दोन्ही जमेल का? स्वच्छतागृहांची सोय कशी आहे? आणि एक प्रामाणिक शंका विचारते. आमच्यातल्या बऱ्याच जणींना लढाईत रस नाही. त्यांना गप्पा मारायच्या आहेत, मासे खायचे आहेत आणि फोटो काढायचे आहेत. त्यांना एवढे सगळे ऐकवावे का?

मुचकुंदी

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो आमच्याकडेही होता. आम्ही सहलीआधीच्या बैठकीत अर्धा तास वाचन केले आणि जागेवर फक्त दोनदा बोललो, एकदा गोदीत आणि एकदा तटावर. दोन्ही मिळून चाळीस मिनिटेही झाली नसतील. बाकीचा सगळा वेळ गप्पा, फोटो आणि खाणे यांनाच होता. ज्यांना ऐकायचे नव्हते त्या मारुतीच्या देवळापाशी सावलीत बसल्या होत्या आणि रुमाल वळला तेव्हा हाक मारल्यावर आल्या. जबरदस्ती केली असती तर पुढच्या वर्षीची वर्गणी निघाली नसती.

गुडघ्यांचे म्हणाल तर किल्ला सपाटीला आहे, डोंगर चढायचा नाही, हा मोठा दिलासा. दरवाजातून आत फार श्रम न होता जाता येते. तटावर चढायच्या पायऱ्या मात्र उंच आणि झिजलेल्या आहेत, तिथे आमच्या चौघांनी खालीच थांबणे पसंत केले. गोदीत उतरणे हे खरे अवघड, ओल्या कातळावर शेवाळ असते. वयस्करांना वर काठावर खुर्च्या टाकून बसवावे, तिथून सगळी गोदी नजरेत येते. आम्ही गाडीत चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या नेल्या होत्या, त्यांची आधी चेष्टा झाली आणि नंतर त्यांच्यासाठी नंबर लागले. स्वच्छतागृहाचे काम मुक्कामाच्या जागी उरकूनच निघा, भरवसा ठेवू नका. आणि मुक्काम ठरवताना खोल्यांची संख्या लेखी घ्या, एवढे मी अनुभवाने सांगतो.

दर्यासारंग_७

धुळपांचा मुद्दा मान्य. रेंजरची लढाई मी वाचलेली होती, रागाच्या भरात बाजूला राहिली. पाण्याखालच्या भिंतीविषयी मात्र कोणीच लिहिले नाही. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, अशी तिची ख्याती आहे.

मुचकुंदी

ती कथा आम्हालाही ऐकवली गेली आणि ती ऐकताना सगळ्यांचे डोळे चमकले, हे खरे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या पाण्याखाली उतरून पाहणी केलेली आहे, त्यामुळे ती निव्वळ वाटाड्यांची कल्पना म्हणून मी उडवून लावत नाही. पण आमच्या सहलीचा विषय १७५६ होता आणि त्या दुपारी वॉटसनची जहाजे उत्तरेच्या बाजूने सरळ खाडीत गेली. भिंत त्यांच्या आड आली नाही. बारा तारखेला आंगऱ्यांच्या कामी येईल असे काही असते, तर ते जहाजे मोकळी ठेवणे हेच होते, असे आमच्या दर्यावर्दींचे मत पडले. दोर कापून निदान निम्मी गलबते खाडीच्या आत वाघोटनकडे वल्हवत नेली असती तर तोफांच्या पल्ल्याबाहेर गेली असती आणि मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग करता आला नसता. हा अर्थात भरल्या पोटी, नकाशा समोर ठेवून, पावणेतीनशे वर्षांनंतर सांगितलेला शहाणपणा आहे.

खाजणवाट

२०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यात विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे, खांदेरी आणि सिंधुदुर्गही आहेत. त्यानंतर गर्दी वाढली असेल ना? आम्ही रविवारी जाणार आहोत.

गिर्येकर

रविवारी वाढली आहे. डिसेंबरच्या सुट्ट्यांत तर दरवाजापाशी चालायला जागा नसते. जमल्यास शनिवारी या, किंवा रविवारी आलात तर गर्दी टाळायला सकाळी किल्ला आणि दुपारी गोदी असा उलटा क्रम लावू नका, कारण अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दिवसांत दुपारी गोदीत भरतीचे पाणी असते. किल्ल्यावर दहानंतर गर्दी होतेच, गोदीवर मात्र कधीच नसते. जागतिक वारसा किल्ल्याला मिळाला. गोदीत आम्ही अजून होड्या लावतो.

ओटी_पडवी

मग आमचे ठरले. माघ वद्य द्वितीयेचा शनिवार धरला आहे. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. इतक्या पहाटे एकोणीस जणींच्या वेण्या-फण्या आटोपतील का, एवढीच काळजी आहे. खुर्च्या सहा घेणार. छत्री आणि रुमाल माझ्याकडे आहे, पण दुपारी वारा वळलाच नाही तर काय सांगायचे?

मुचकुंदी

वळेल. माघात आकाश स्वच्छ असले की बारा ते दोनच्या दरम्यान वळतोच. आणि एखादवेळी उशीर केला तर घाबरू नका, तोवर डब्यातले लाडू काढा. रुमाल मात्र सुती आणि पातळ घ्या. आमच्या दर्यावर्दींनी आधी टॉवेल बांधला होता, तो मतलई वाऱ्यात हललाच नाही.

गिर्येकर

आणि गोदीत उतरणाऱ्यांनी चपला नकोत, जाड तळव्याचे बूट घालावेत. कालवे पाहत नाहीत पाय कोणाचा आहे ते. येण्याच्या आदल्या दिवशी इथेच निरोप टाका, पाणी किती उतरते आहे ते पाहून सांगतो.